रोजच्या गाडीसाठी नायट्रस किट: मुंबईत निवड कुठून सुरू करावी

नायट्रसचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती हॉर्सपॉवर वाढेल? किट विकणाराही तोच आकडा पुढे करतो. माझं म्हणणं असं, की हा आकडा सगळ्यात शेवटी ठरवावा. आधी कायदा बघा, मग बाटली भरायची सोय, मग आपल्या इंजिनातला सगळ्यात कमजोर भाग, आणि मग मुंबईचं ऊन. एवढं सगळं पाहून झाल्यावर जे झेपेल असं दिसतं, तोच तुमचा आकडा. बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत तो २५ ते ५० हॉर्सपॉवरच्या मध्ये येतो, आणि तेवढ्यातही गाडी चांगलीच बदलते.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. तो इंजिनात जास्तीचा ऑक्सिजन पोचवतो. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने, साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, नायट्रस फुटू लागतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय बाटलीतून तो द्रवरूपात बाहेर पडतो आणि उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. ऑक्सिजन वाढला की त्याच प्रमाणात पेट्रोलही वाढायलाच हवं. ते कमी पडलं की मिश्रण लीन होतं, तापमान भडकतं, नॉकिंग (मिश्रण वेळेआधी भडकून इंजिनात ठोके बसणं) सुरू होतं आणि पिस्टनची रिंग बसते तिथली धार तुटते. ‘नायट्रसने इंजिन उडालं’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडलेलं असतं. पुढची प्रत्येक निवड या एका गोष्टीभोवती फिरते.

पहिली पायरी: कुठे वापरणार?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या, म्हणजे उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच मुद्द्यावर कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे. तेव्हा तुमच्या गाडीवर एमएच-०१ असो नाहीतर एमएच-०४, आधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल सापडला की दाव्याच्या वेळी अडचण ठरलेली.

रस्त्यावर नायट्रस उघडायला मुंबईत जागाही नाही. अटल सेतूवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, कोस्टल रोडवर सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६०. पन्नासच्या जेटवर, म्हणजे ५० हॉर्सपॉवर वाढवणाऱ्या जेटवर (जेट म्हणजे गॅस किंवा पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा), दीड लिटरची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये हे आकडे काही सेकंदांत ओलांडते, आणि समोर रिक्षा, दुचाकी, रस्ता ओलांडणारी माणसं असतात. त्यामुळे मी हा लेख एका ठरावीक वापरासाठी लिहितोय: गाडी रोज ऑफिसला जाते तेव्हा बाटली तिच्यात नसते. बाटली जोडली जाते ती डायनोवर (गाडी जागेवरच पळवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा परवानगी असलेल्या ड्रॅग स्पर्धेत, उदाहरणार्थ लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या द व्हॅली रनमध्ये. तिथे उतरायचं असेल तर त्या वर्षीचं नियमपुस्तक किट घेण्याआधी वाचा. बाटलीचं ब्रॅकेट, व्हेंट पाइप, मेन स्विच हे सगळं तांत्रिक तपासणीत पाहतात. किट एकदा बसवल्यावर या गोष्टी बदलणं महागात पडतं.

दुसरी पायरी: बाटली कोण भरून देणार?

किट ऑनलाइन मागवता येतं. गॅसचं काय? भारतात दाबाच्या सिलिंडरांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, करते. मान्यता नसलेलं सिलिंडर भरायला परवानाधारक विक्रेत्याला मनाई आहे. अमेरिकन किटबरोबर येणाऱ्या बाटलीवर त्यांच्या परिवहन खात्याचा शिक्का असतो, पण तेवढ्यावर इथला विक्रेता ती भरून देईलच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी औद्योगिक गॅसच्या परवानाधारक विक्रेत्याला थेट विचारा: या प्रकारची बाटली भराल का, कोणती कागदपत्रं लागतील, आणि पेसोची मान्यता असलेली पर्यायी बाटली तुमच्याकडे आहे का. उत्तर ‘नाही’ आलं तर किट घेऊ नका. इतर सगळ्या भागांवर तोडगा निघतो, यावर निघत नाही.

कुणी म्हणेल, हॉस्पिटलच्या मोठ्या सिलिंडरमधून आपणच ओतून घेऊ. हे करू नका. दाबाखालचा द्रव एका बाटलीतून दुसरीत घेताना वजनावर लक्ष राहिलं नाही की बाटली गरजेपेक्षा जास्त भरते. मग ती तापल्यावर द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. बाटली नेहमी वजनावर भरतात. रिकाम्या बाटलीचं वजन तिच्या अंगावर कोरलेलं असतं, ते आणि भरल्यानंतरचं वजन स्वतः काट्यावर पाहून घ्या. अमेरिकेत गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, कुणी तो हुंगू नये म्हणून. इथे मिळणाऱ्या वैद्यकीय गॅसमध्ये तसं काही नसतं, म्हणजे गळती झाली तर तिखट वासाची सूचना मिळणार नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बाटलीची जोडणी करू नये, त्याचं हे मुख्य कारण. आणि बाटली लोकलमधून नेऊ नका, रेल्वेत गॅस सिलिंडर न्यायला बंदी आहे.

तिसरी पायरी: इंजिनाची ऐपत

किटच्या खोक्यावर ७५ लिहिलेलं असतं म्हणून इंजिन ते पेलतं असं होत नाही. चार सिलिंडरच्या मूळ स्थितीतल्या इंजिनाला ४० ते ६० हॉर्सपॉवरची वाढ हा उत्पादकांचा नेहमीचा सल्ला. तो वाचताना आपल्याकडची इंजिनं लहान आहेत हे ध्यानात ठेवा. १.२ लिटरच्या स्विफ्टसारख्या गाडीला मी २५ ते ३५ च्या वर जाणार नाही. जुन्या होंडा सिटी व्हीटेकसारख्या दीड लिटरच्या निरोगी इंजिनाला ४० ते ५०. तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर त्याहून कमी, कारण प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला जास्त भार येतो.

आणखी एक हिशोब बघा, तो फार कमी लोक करतात. नायट्रस साधारण ठरावीक पॉवर देतो, त्यामुळे आरपीएम जितका कमी तितका टॉर्कचा धक्का मोठा. ५० हॉर्सपॉवर ५५०० आरपीएमला साधारण ६५ न्यूटन-मीटर होतात, तेच २५०० ला १४० च्या वर जातात. दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा मूळ टॉर्कच १३० ते १४५ च्या घरात असतो. म्हणजे चुकीच्या आरपीएमला बटण दाबलं तर कनेक्टिंग रॉडवर एका क्षणात दुप्पट जोर येतो. रॉड वाकतात ते असे. ३००० च्या खाली नायट्रस सुरू होता कामा नये.

आता गाडी तपासायची. चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन घ्या आणि आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का पाहा. कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर वर्षानुवर्षं चाललेली क्लच प्लेट नायट्रसच्या पहिल्याच धावेत घसरू लागते, तिचा खर्च आधीच धरून ठेवा. सीव्हीटी, म्हणजे बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर हा विचार सोडून द्या. तो बेल्ट अशा अचानक आलेल्या टॉर्कसाठी केलेला नसतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत आधीच एक उच्च दाबाचं सिलिंडर डिकीत बसलेलं असतं, तिथे दुसरं नको. टर्बो पेट्रोल असेल तर चांगल्या ट्यूनरकडून रिमॅप करून घ्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घ्या. त्यात कमी भानगड आहे आणि बाटली भरायची कटकट नाही.

चौथी पायरी: ड्राय की वेट?

खरी निवड या दोन प्रकारांत असते. वेट किटमध्ये नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही एकत्र फवारलं जातं, दोघांसाठी वेगळा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) आणि वेगळा जेट. ड्राय किटमध्ये नोझलमधून फक्त नायट्रस येतो आणि जास्तीचं पेट्रोल गाडीचे मूळ इंजेक्टर देतात: ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यांना जास्त वेळ उघडं ठेवतो, किंवा फ्युएल प्रेशर वाढवलं जातं.

वेट किटचा फायदा असा की पेट्रोल आणि नायट्रसचं प्रमाण जेटवर ठरतं, ईसीयूशी खटपट कमी. पण आजच्या गाड्यांचे प्लॅस्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्या) फक्त हवा वाहून नेण्यासाठी घडवलेले असतात. त्यांच्या वळणांत पेट्रोल साचलं, किंवा एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी गेलं, तर बॅकफायर होऊन मॅनिफोल्ड फुटू शकतो. ३५-५० च्या लहान जेटवर, योग्य जागी बसवलेल्या चांगल्या नोझलने हा धोका बराच कमी होतो, आणि आरपीएम वर असताना हवेचा वेगही मदत करतो.

ड्राय किटमध्ये साचण्याचा प्रश्नच नाही, पण भार मूळ इंजेक्टरांवर आणि पंपावर येतो. शिवाय फ्युएल प्रेशर वाढवून चालणारी किट रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या इंधन प्रणालीसाठी असतात. आपल्याकडच्या अलीकडच्या बहुतेक गाड्यांत रिटर्न लाइन नसते, रेग्युलेटर टाकीतल्या पंपाबरोबरच असतो. अशा गाडीत ड्राय किट लावायचं तर ईसीयू किंवा पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा जादा कॉम्प्युटर) ट्यून करणारा माणूस हवाच.

माझा कल सांगतो. जुनी, रिटर्न लाइनची गाडी असेल, ईसीयू ट्यून होण्यासारखा नसेल आणि मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल, तर एका नोझलचं वेट किट घ्या. नवी गाडी असेल आणि तिचा ईसीयू नीट ट्यून करणारा माणूस ओळखीचा असेल, तर लहान जेटचं ड्राय किट. तसा माणूस नसेल तर नव्या गाडीला हात लावू नका. डायरेक्ट पोर्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा नोझल, हा प्रकार मोठ्या आकड्यांसाठी आहे. रोजच्या गाडीला त्याची गरज नाही.

कंपनी कोणती घ्यावी? एनओएस हे नाव १९७८ पासून आहे आणि आता हॉली कंपनीकडे आहे. नायट्रस एक्सप्रेस आणि झेक्स हीही जुनी, माहितीतली नावं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ओळखीतून वापरलेलं किट स्वस्तात मिळू शकतं. त्यातून घ्यायच्याच असतील तर ब्रॅकेट, नोझल आणि स्विच घ्या. सोलेनॉइड, लाइन आणि बाटली नवीनच घ्या. सोलेनॉइडच्या आतला सील झिजलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि नायट्रसचा सोलेनॉइड पूर्ण बंद झाला नाही तर तो इंजिन बंद असतानाही मॅनिफोल्ड भरत राहतो.

पाचवी पायरी: बाटली आणि मुंबईचं ऊन

परदेशी लेख वाचून लोक सगळ्यात आधी बॉटल हीटर मागवतात. थंड देशांत तो लागतो. नायट्रसचा दाब पूर्णपणे तापमानावर अवलंबून असतो: २० अंशांना साधारण ७३५ पीएसआय, ३० अंशांना सुमारे ९१५. किटचे जेट ९०० ते १०५० पीएसआय धरून ठरवलेले असतात. मुंबईत डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी सोडल्या तर सावलीतली बाटली आपोआप या पट्ट्यात किंवा त्याच्या जवळपास असते.

इथला प्रश्न उलटा आहे. ३६.४ अंश हे नायट्रसचं क्रांतिक तापमान. त्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये उन्हात उभ्या गाडीची डिकी याच्या सहज पुढे जाते. मग दाब ११००-१२०० च्या वर चढतो, जेटमधून किती नायट्रस जाईल त्याचा भरवसा उरत नाही, आणि पेट्रोलचा जेट मात्र आपलं ठरलेलंच पेट्रोल देत असतो. मिश्रण बिघडतं ते इथे. तेव्हा हीटरचे पैसे प्रेशर गेज, बाटलीचं इन्सुलेटेड जॅकेट आणि व्हेंट पाइप यांवर घाला. धावेपूर्वी गेज पाहायचा. १०५० च्या वर असेल तर बाटली सावलीत आणायची, ओलं फडकं गुंडाळायचं, थांबायचं. आणि कधी दाब कमी पडलाच, तर बाटलीला आच देऊ नका. गॅसच्या टॉर्चने बाटली तापवताना माणसं मेलेली आहेत.

बाटलीच्या व्हॉल्व्हवर एक सेफ्टी डिस्क असते. दाब फार वाढला की ती फाटते आणि सगळा नायट्रस एकदम बाहेर पडतो. बाटली डिकीत किंवा हॅचबॅकच्या मागच्या भागात असेल तर तिथली आणि माणसं बसतात तिथली हवा एकच. म्हणून व्हेंट पाइप डिस्कपासून गाडीच्या बाहेर, खाली, काढलेला हवाच. हे किटबरोबर येत नसेल तर वेगळं मागवा.

आकार? दहा पौंडांच्या बाटलीत साधारण साडेचार किलो नायट्रस मावतो. १०० हॉर्सपॉवरला दर दहा सेकंदांना ०.८ ते १ पौंड लागतो. म्हणजे पन्नासच्या जेटला त्याच्या निम्मा. शेवटचा पाव भाग दाब पडल्यामुळे उपयोगाचा नसतो, तो वगळला तरी दहा-दहा सेकंदांच्या पंधराएक धावा निघतात. हॅचबॅकसाठी आणि एका दिवसाच्या स्पर्धेसाठी पाच पौंडांची बाटली पुरते, काढ-घाल करायला हलकी पडते. मात्र लहान बाटलीचा दाब लवकर उतरतो, दोन धावांत थोडी विश्रांती द्या.

बाटली बसवताना व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या दिशेला आणि थोडा वर, साधारण १५ अंशांचा कोन, लेबल वरच्या बाजूला. आत एक वाकडी नळी असते, तिचं तोंड तळाला मागच्या बाजूला असतं. गाडी जोरात पुढे जाते तेव्हा द्रव मागे सरकतो आणि नळीचं तोंड त्यात बुडालेलं राहतं. बाटली उलटी बसली तर द्रवाऐवजी वाफ येते. ब्रॅकेट डिकीच्या पातळ पत्र्यावर नुसतं स्क्रूने अडकवू नका, खालून जाड वॉशर-प्लेट देऊन बोल्टने आवळा. आपल्या खड्ड्यांवर दुसरं काही टिकत नाही.

सहावी पायरी: पेट्रोल, प्लग, टायमिंग

परदेशी किटचे पेट्रोल-जेट तिकडच्या पेट्रोलवर बेतलेले असतात. आपल्या पंपावर आता साधं पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, आहे. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनला आठेक टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतं. जेट बदलला नाही तर नायट्रस सुरू असताना गाडी लीन चालणार. जेटवरचा आकडा त्याच्या भोकाचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात सांगतो, २० म्हणजे ०.०२० इंच. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून आठ टक्के जास्त पेट्रोलसाठी व्यास चारच टक्के वाढवायचा: २० च्या जागी २१. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, सायलेन्सरमधल्या धुरावरून मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरला दिसतो. वाइडबँड नसेल तर किट बसवू नका. रीडिंग लॅम्डामध्ये घ्या (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त), म्हणजे इथेनॉल किती आहे याने गोंधळ होणार नाही. नायट्रसवर ०.८० ते ०.८२ च्या आसपास राहणं सुरक्षित.

चांगलं ऑक्टेन कामाला येतंच. इंडियन ऑइलचं एक्सपी९५ किंवा एक्सपी१०० टाका, पण जेट ज्या पेट्रोलवर ट्यून केला तेच स्पर्धेच्या दिवशीही टाका. पंप बदलला, पेट्रोल बदललं, तर पुन्हा वाइडबँड बघा.

इग्निशन टायमिंग दर ५० हॉर्सपॉवरला साधारण दोन अंश मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडावी लागते. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर फिरवून ते होतं, नव्यात ईसीयूमधून. प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७५ ते ०.९ मिलिमीटर. प्लॅटिनम किंवा इरिडियमच्या लांब, नाजूक टोकाचे प्लग काढून ठेवा.

सातवी पायरी: सुरक्षा स्विच

इथे पैसे वाचवू नका. गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणतंच, “दादा, स्टिअरिंगवर एक बटण देतो, दाबलं की झालं.” नुसत्या बटणावर नायट्रस कधीच नको. साखळी अशी हवी: आधी झाकण असलेला आर्मिंग स्विच, त्यापुढे फुल-थ्रॉटल स्विच, त्यापुढे विंडो स्विच, तिथून रिलेच्या ८६ नंबरला. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दोन्ही सोलेनॉइड, आणि ८५ ची अर्थ फ्युएल प्रेशर स्विचमधून (पेट्रोलचा दाब पडला की तो जोड तोडतो). यातली एक कडी तुटली की सगळं बंद.

विंडो स्विच ठरावीक आरपीएमच्या मधेच नायट्रस सुरू ठेवतो, उदाहरणार्थ ३२०० ते ६०००. वरची मर्यादा रेव लिमिटरच्या किमान दोनतीनशे खाली ठेवा. लिमिटर लागला की ईसीयू पेट्रोल तोडतो, नायट्रस मात्र चालूच राहतो, आणि एवढ्या एका क्षणात पिस्टन जातो. ज्या गाडीत एक्सलरेटरला केबल नाही, तिथे फुल-थ्रॉटलचा सिग्नल थ्रॉटल सेन्सरच्या व्होल्टेजवरून घेणारा स्विच लागतो. रिले, जाड वायर आणि चांगले क्रिंप टर्मिनल लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पिळून टेप मारलेले जोड नकोत. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यानंतर असे जोड हिरवे पडतात.

बसवणं आणि पहिली चाचणी

बाटलीपासून पुढे येणारी स्टीलच्या जाळीची लाइन गाडीखालून, सायलेन्सरपासून लांब न्या आणि दर फूटभरावर क्लिप लावा. जोडांवर टेफ्लॉनचा टेप गुंडाळू नका, त्याचे तुकडे सोलेनॉइडमध्ये अडकतात. पेस्ट वापरा, तीही बाटलीच्या बाजूच्या जोडांवर नाही. बाटलीच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस अजिबात लागता कामा नये.

बाटली बंद ठेवून आधी इलेक्ट्रिकल तपासा. मग वेट किट असेल तर इंजिन आयडलवर ठेवून फक्त पेट्रोलचा सोलेनॉइड क्षणभर चालवा: मिश्रण रिच होऊन, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन, आरपीएम किंचित पडला पाहिजे. पडला नाही तर पेट्रोल येत नाही आहे, तिथेच थांबा. त्यानंतर बाटली उघडून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड पाहा. गळणाऱ्या जोडावर बोट ठेवू नका, त्या थंडीने कातडी करपते. इंजिन बंद असताना नायट्रसचा सोलेनॉइड चालवून पाहू नका. मॅनिफोल्डमध्ये साचलेला नायट्रस पुढच्या सेल्फला स्फोट करतो.

पहिली धाव डायनोवर, किटमधल्या सगळ्यात लहान जेटवर. बाटलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, अर्धवट उघडा ठेवला तर दाब मध्येच पडतो. तिसरा गिअर, ३२०० च्या वर, फुल थ्रॉटल, दोनतीन सेकंद, आणि सोडा. फ्युएल प्रेशर खाली आलं का, लॅम्डा कुठे होता, हे लॉगमध्ये बघा. मग इंजिन लगेच बंद करून प्लग काढा. पांढऱ्या पोर्सेलीनवर भिंगातून नीट पाहा. टाचणीच्या टोकाएवढे करडे, चमकणारे ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, तुमच्याच पिस्टनचं. काळे ठिपके असतील तरी तो नॉकिंगचाच इशारा. दोन्ही बाबतींत टायमिंग आणखी मागे घ्या, पेट्रोल वाढवा, नायट्रसचा जेट वाढवू नका. चारही प्लग स्वच्छ आणि सारखे दिसले तरच एक पायरी वरचा जेट.

धावा संपल्या की बाटली बंद करा, लाइनमधला उरलेला नायट्रस मोकळ्या जागेत पर्ज करून टाका, बाटली काढा, व्हॉल्व्हला टोपी लावा, ती सावलीत उभी ठेवा. बाटलीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) दर पाच वर्षांनी, तिची तारीख खांद्यावर कोरलेली असते. सोलेनॉइड दरवर्षी पावसाळ्यानंतर उघडून सील बघा. त्यावर सीटचा गोल खोल ठसा उमटला असेल किंवा रबर फुगलं असेल तर रिपेअर किट टाका, आणि लाइनमधला फिल्टर त्याच वेळी बदला.